चाकांवरच्या घरात पाणी कुठून?

रविवारच्या पुरवणीतील चाकांवरच्या चिमुकल्या, स्वयंपूर्ण घरांविषयीचा लेख वाचला. सौरपॅनेल, बॅटरी आणि घडीच्या पलंगाचे कौतुक रास्तच आहे. दिवे, पंखा, मोबाइल एवढ्यापुरती वीज छतावर सहज तयार होते. पाण्याचा विषय मात्र लेखकाने एका ओळीत उरकला आहे आणि खरी अडचण तिथेच आहे.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पिणे, स्वयंपाक, भांडी आणि जेमतेम आंघोळ धरून माणशी रोज 20 लिटर पकडले, तरी दोघांना आठवड्याला 280 लिटर, म्हणजे 280 किलो पाणी लागते. हे ओझे ट्रेलरवर येते. टाकी अर्धी झाली की वळणावर पाणी हिंदकळते ते वेगळेच. पावसावर भिस्त ठेवावी, तर 15 चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडूनही फार तर 150 लिटर मिळते. दोघांना ते चार दिवसही पुरत नाही.

अशा घरात मी आठ दिवस राहिलो आहे. तिसऱ्या दिवशी ताटे धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसू लागलो. पाचव्या दिवशी सिंकखालचा सांडपाण्याचा डबा काठोकाठ भरला आणि तो न सांडता अरुंद दारातून बाहेर नेणे ही एक कसरतच होती! (सौरपॅनेल तेवढे बिनतक्रार चालले.)

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर टाकीची क्षमता, ती भरण्याची सोय आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांचे आकडेही द्यावेत.

– एक वाचक