झाड समोर असताना मुलं स्क्रीन का बघत बसतात?

मा. संपादक,

हल्ली एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे फोनमधून समोरच्या खऱ्या जागेवर चित्रं किंवा माहिती दाखवणं) वापरून शिक्षण म्हटलं की थ्रीडी डायनासोर दाखवतात, मुलं आ वासून बघतात आणि पालक खूष. पण तो डायनासोर टेबलावर काय नि मैदानात काय, सारखाच दिसतो, मग मुलांना बाहेर नेलंच कशाला? मी शिक्षक आहे, लोकेशनवर चालणारं एक छोटं अ‍ॅप आम्ही दोघातिघांनी मिळून बनवलं होतं, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या दिवशी मुलं एका मोठ्या झाडाखाली पोचली, स्क्रीनवर झाडाची माहिती उघडली, सगळ्यांनी ती वाचली आणि पुढच्या पॉइंटकडे पळाली. मान वर करून झाडाकडे एकानेही बघितलं नाही, खूप वाईट वाटलं, पण मुलांची काय चूक, आम्हीच अ‍ॅप तसं बनवलं होतं. मग माहिती काढून टाकली आणि नुसता प्रश्न ठेवला, खोडाच्या कुठल्या बाजूला शेवाळ जास्त आहे आणि का असेल? आता मुलं खोडाला हात लावून, गोल फिरून बघायला लागली आणि उत्तरावरून भांडायलाही लागली!

हा विचार काही नवीन नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात साधारण वीस वर्षांपूर्वी ‘एन्व्हायर्नमेंटल डिटेक्टिव्ह्ज’ नावाचा खेळ बनवला होता. कॅम्पसमध्ये जमिनीखालच्या पाण्यात विषारी रसायन मिसळलंय अशी काल्पनिक गोष्ट, हातात जीपीएसवाला छोटा कॉम्प्युटर, आणि वेळ कमी असल्यामुळे नमुने कुठून घ्यायचे नि कोणाला प्रश्न विचारायचे हे विद्यार्थ्यांनीच ठरवायचं. ग्राफिक्स म्हणाल तर जेमतेम एक नकाशा. हार्वर्डच्या ‘इकोमोबाइल’मध्ये तर मुलं तळ्याकाठी खऱ्या उपकरणांनी पाण्यातला ऑक्सिजन वगैरे मोजायची, फोन कुठे जायचं, काय बघायचं ते सांगायचा.

आता जरा तांत्रिक. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवतं, उंच इमारतींजवळ सिग्नल भिंतींवर आपटून येतो त्यामुळे चूक अजून वाढते. म्हणून ‘ह्याच दगडासमोर उभे राहा’ असली कामं फक्त जीपीएसच्या भरवशावर देऊ नका, पॉइंटभोवतीचं वर्तुळ (ज्यात पोचलं की फोनवर काम उघडतं) मोठं ठेवा, नेमकी वस्तू हवी असेल तर तिथे क्यूआर कोड लावा. नेट जाणार हे धरून सगळं आधीच डाउनलोड करून ठेवा. चालता चालता वाचायला काही देऊच नका, ऐकायला द्या. आणि रस्ता ओलांडावा लागेल असा एकही पॉइंट नको, ह्यात कसलीही सूट नाही.

शाळांना माझी एकच विनंती आहे, असं अ‍ॅप घेण्याआधी एका शिक्षकाने ते घरी खुर्चीत बसून पूर्ण करून बघावं. तसं पूर्ण झालं, तर बनवणाऱ्यांना विचारा की मग मुलांनी त्या जागी जायचं कशासाठी.

आपला,
एक शिक्षक