दाहिनीला पाण्याचाही पर्याय हवा

पाळीव प्राण्यांच्या अंत्यविधीसाठी शहरात आणखी दाहिन्या हव्यात, हे आपल्या अंकातील वाचकपत्र वाचले. अडचण खरी आहे, पण उपाय फक्त आगीतच शोधू नये. गेल्या पावसाळ्यात आमची १४ वर्षांची कुत्री गेली. ओळखीच्यांच्या शेतात खड्डा खणला, तर दोन फुटांवरच पाणी लागले. घमेल्याने पाणी उपसत तिला मातीआड केले. ते अजून मनातून जात नाही.

पाण्याचा पर्याय म्हणजे ‘अल्कलाइन हायड्रॉलिसिस’. या पद्धतीत सुमारे ९५ टक्के पाणी आणि ५ टक्के अल्कली (तीव्र क्षारधर्मी रसायन) यांच्या गरम द्रावणात मृतदेह काही तासांत विरघळतो. धूर होत नाही. उरलेली हाडे वाळवून दळतात आणि ती पांढरी रक्षा घरच्यांना मिळते. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचा अंत्यविधी २०२२च्या सुरुवातीला असाच झाला, तेव्हा यात प्राण्याची हेळसांड होते असे कोणी म्हणू नये.

उरणारे पाणी मात्र अल्कलीयुक्त असते. ते प्रक्रियेविना गटारात, म्हणजे शेवटी मुठा नदीत, जाता कामा नये. ही अट घालून महापालिकेने निदान एक यंत्र बसवून पाहावे.

– एक श्वानपालक, कोथरूड, पुणे