ताई, जिना चढताना श्वास सोडायला तुम्ही शिकवलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, कारण बडोद्यात, अगदी आमच्या दांडिया बाजारातही, माझ्यासारख्या धापेने खुर्चीला खिळलेल्या बायका आहेत. जन्मात विडीला हात न लावता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा माझा हा फुफ्फुसाचा आजार होतो, हे त्यांतल्या कितीजणींना ठाऊक असेल? माझ्या छातीत चुलीचा वर्षानुवर्षांचा धूर आहे.

तुमच्याकडे श्वासाचे व्यायाम शिकायला आले तोवर घरच्यांनी मला जपून बसवून ठेवलं होतं. ‘दम लागतो ना, मग उठू नका.’ तुम्ही पहिल्याच भेटीत बोटाला ऑक्सिमीटर लावून कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलंत आणि धाप किती लागली ते शून्य ते दहात सांगायला लावलंत. मग शेजारी बसून समजावलंत की बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंना थोड्या कामालाही जास्त ऑक्सिजन लागतो, धाप आणखी लवकर लागते आणि माणूस आणखीच बसतो. इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

जिना तर जन्मभर लक्षात राहील. आमचा लाकडी जिना चांगलाच उभा. पायरीवर थांबून नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून, तो सावकाश सोडत पुढची पायरी चढायची. घ्यायला जितका वेळ, सोडायला त्याच्या दुप्पट. या आजारात श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, हवा आत अडकते; ओठ आवळले की आतला दाब टिकतो आणि नळ्या उघड्या राहतात. हे कळलं आणि जिन्याची भीतीच गेली.

हात खांद्याच्या वर गेला की श्वासाला मदत करणारे स्नायू त्या कामात गुंततात, म्हणून वेणी घालताना कोपर टेबलावर टेकवायला सांगितलंत. डाळ-तांदळाचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आले. सूनबाईला ते आधी पसारा वाटलं, आता तीच जागच्या जागी ठेवते. धाप लागली की पुढे वाकून कोपरं मांडीवर टेकायची आणि छोटा पंखा तोंडावर धरायचा. त्या गार वाऱ्याने जीव किती थाऱ्यावर येतो!

सगळ्यात जास्त आभार मानते ते तुमच्या खरेपणाचे. फुफ्फुस पूर्ववत होणार नाही, फुंकण्याच्या तपासणीतला आकडा फारसा हलणार नाही, इन्हेलर बंद करायचा नाही, हे तुम्ही आधीच सांगितलंत. अमुक काढा प्या, पंप सोडा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. तुमच्या शब्दाप्रमाणे आकडा तिथेच आहे, पण पाय माझे झाले. सकाळी सयाजीबागेत जाते, दम लागला तर बाकावर टेकते, पुन्हा चालते. व्यायाम सोडला की कमावलेलं हळूहळू जातं, हे तुमचं बजावणं पाळते आहे. उत्तरायणला गच्चीवर जाऊन नातवाच्या पतंगाची फिरकी धरली, ते तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं होतं.

पलीकडच्या वाड्यातल्या काकूंनाही हाच त्रास. सोमवारी त्यांना घेऊन येते. येताना चपला नको, बूट घाला, असं त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे.

तुमची,
दांडिया बाजारातली आजी