जर्मन स्मृती वादातून घडली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जर्मन युद्धपटांवरचा लेख वाचला. परक्यांच्या चित्रपटांनी जर्मन माणसाला मान खाली घालायला लावली, हे त्यातले प्रतिपादन मला एकांगी वाटते. अमळनेर परिसरात अनेक वर्षे इतिहास शिकवल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिल्या महायुद्धावरची जर्मन लेखक रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यावरचा अमेरिकी चित्रपट डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला, तेव्हा नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडले आणि आठवडाभरात त्या चित्रपटावर बंदी आली. हिटलर तेव्हा सत्तेवरही नव्हता. पुस्तकाची होळी १९३३ मध्ये झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत निघालेल्या बहुतेक युद्धपटांत साधा सैनिक भला आणि वरचे अधिकारी तेवढे दुष्ट, अशी सोयीची वाटणी असे. तिला मोठा धक्का बसला तो जानेवारी १९७९ मध्ये, एका ज्यू कुटुंबाच्या संहाराची कथा सांगणाऱ्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेने. सुमारे दोन कोटी लोकांनी ती पाहिली. खुनाच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या खुनांच्याही, खटल्यांना असलेली कालमर्यादा उठवण्याचा वाद तेव्हा पेटलेलाच होता; जुलैमध्ये संसदेने ती कायमची उठवली. पण हे मतदान जर्मन प्रतिनिधींचे होते, आणि १९९५ पासून दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांची छायाचित्रे गावोगाव मांडणारे प्रदर्शनही जर्मनांनीच भरवले, हे लेखकाने सांगायला हवे होते.

रेमार्क यांच्याच कादंबरीवरचा २०२२ चा जर्मन चित्रपट मी माजी विद्यार्थ्यांसोबत पाहिला. सुरुवातीलाच मेलेल्या सैनिकाचा गणवेश उतरवला जातो, रक्त धुतले जाते, शिवणयंत्रांच्या रांगेत भोके सांधली जातात आणि तोच गणवेश नव्या पोराच्या हातात पडतो. कॉलरवर दुसऱ्याचे नाव पाहून तो विचारतो, तर कारकून चिठ्ठी फाडून खाली टाकतो. कापसाच्या आमच्या मुलखातली, सूतगिरणी जवळून पाहिलेली ती मुले या प्रसंगाला एकदम गप्प झाली. मीही हेलावलो, तरीही जर्मन सैनिकाला निव्वळ बळी ठरवण्याची जुनी सवय याही चित्रपटात डोकावते, असे माझे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धावरच्या २०१३ च्या जर्मन मालिकेतील पोलिश प्रतिकारकांच्या चित्रणावर पोलंडने तीव्र आक्षेप घेतला होता. पुढील लेखात ही बाजूही यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)