गोलघुमटात रोज थोडा वेळ शांतता ठेवा: केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीसाहेब, नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितोय, हिंदीत लिहायला घेतलं असतं तर दुसऱ्याच ओळीत गाडी घसरली असती, तुमच्या ऑफिसात कुणीतरी वाचून सांगेलच. मी सोलापूरचा. आमच्याकडून विजापूर शंभर किलोमीटर, शाळेची सहल म्हटलं की गोलघुमट ठरलेलाच. आता गावाचं नाव विजयपुरा झालंय पण आमच्या तोंडी अजून विजापूरच आहे, त्याबद्दल राग मानू नका.

मागणी एकच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. तिथे घुमटाच्या आत वर जी गोल गॅलरी आहे, तिच्यात दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांना गप्प बसवा. बस.

हसू नका साहेब, सांगतो. डिसेंबरात मुलीला घेऊन गेलो होतो. कोपऱ्यातल्या सात मजली मिनारातून जिना आहे, पायऱ्या उंच, मध्येमध्ये अंधार, वर पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागतात. गच्चीवर जरा वारा खाल्ला, मग त्या बुटक्या दारातून घुमटाच्या आत पाय ठेवला आणि दोघांनी कानावर हात ठेवले. तीन-चार शाळा एकदम आलेल्या, शिट्ट्या, किंकाळ्या, कुणी मित्राच्या नावाने बोंबलतंय, आणि एक टाळी वाजवली तरी ती पाच-सात वेळा परत येते अशी ती जागा, मग दोनशे पोरं ओरडल्यावर काय होत असेल तुम्हीच हिशोब करा. पोरांना नावं नाही ठेवत, सातवीच्या सहलीत मी पण तिथे घसा बसेपर्यंत ओरडलोय, सरांनी कान पिरगळला होता तो अजून आठवतो. मराठीत घुमट आणि घुमणं इतके शेजारी-शेजारी आहेत की तिथे गेल्यावर माणसाला ओरडावंसंच वाटतं.

पण ती गॅलरी ओरडायची नाहीच ना. व्हिस्परिंग गॅलरी म्हणतात तिला. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की आवाज गोल भिंतीच्या कडेकडेने सरकत समोर जातो, आणि समोर म्हणजे घुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर आहे, तेवढ्या लांब उभ्या असलेल्या माणसाच्या कानात शब्द पडतो. हे ऐकायला जायचं आणि नेमकं तेवढंच ऐकू येत नाही.

आणि गंमत म्हणजे ही गॅलरी कुणी आवाजाच्या खेळासाठी मुद्दाम जोडलेली नाही, घुमट उभा राहिला त्यातच ती तयार झाली. खालचं दालन चौकोनी, एकेक बाजू ४१ मीटर, मध्ये एकही खांब नाही. चौकोनावर गोल बसवायचा कसा? तर भिंतींतून आठ मोठ्या कमानी निघतात आणि वर जाताना एकमेकींना छेदतात. दोन चौकोन एकावर एक तिरके ठेवले की आठ टोकांची चांदणी होते बघा, आपण रांगोळीत काढतो तशी, तेच यांनी दगडचुन्यात काढलंय. त्या छेदणाऱ्या कमानी आत झुकत झुकत एक कडं तयार करतात, घुमट त्या कड्याच्या मागच्या बाजूला बसतो आणि पुढे जी तीन-साडेतीन मीटरची पट्टी उरते ती म्हणजे गॅलरी. घुमट भिंतींना बाहेर ढकलतो, हे आत झुकलेलं वजन त्यांना आत ओढतं, आणि साडेतीनशे वर्षांपेक्षा जास्त काळ हे भांडण बरोबरीत चाललंय. गाईड लोक जगात दोन नंबरचा घुमट म्हणून सांगतात, त्या नंबरात काही दम नाही, रोमचं पँथिऑन व्यासाला मोठं आहे. पण घुमटाखालची जमीन मोजली तर पँथिऑनची १,५०० चौरस मीटरच्या आत आणि इथली साधारण १,७००. हे सांगा की त्यापेक्षा!

हा घुमट म्हणजे विजापूरचा सुलतान मुहम्मद आदिलशाह याची कबर. तो १६२७ मध्ये गादीवर आला आणि १६५६ मध्ये गेला, जवळजवळ सगळी कारकीर्द हे काम चाललेलं. १६३६ नंतर आपले शहाजीराजे याच्याच दरबारात होते. खाली चौथऱ्यावर त्याची, बायकांची, मुलीची, नातवाची आणि रंभा नावाच्या कलावंतिणीची अशा कबरी दिसतात, पण त्या नुसत्या वरच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत.

बांधणारा म्हणून नाव घेतात याकूत दाभोळीचं. दाभोळ म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बंदर साहेब, तेव्हा आदिलशाहीत होतं. मला हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं. म्हणजे शाळेत असताना कळलं असतं तर सहलीत निदान एकदा तरी वर मान करून त्या कमानी बघितल्या असत्या असं वाटतं, कदाचित नसत्याही बघितल्या, पण सांगायला काय हरकत आहे? कमानींचं एक साधं चित्र आणि याकूतचं नाव एवढा एक बोर्ड लावा, कन्नडच्या जोडीला मराठीतही, सांगली-कोल्हापूरच्या गाड्याही पार्किंगला असतातच.

त्या दिवशी काही ऐकू आलं नाही म्हणून पोरगी रुसली. मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी गेट उघडल्या उघडल्या वर गेलो. आम्ही दोघं आणि पारवे. तिला भिंतीशी उभी केलं आणि मी फिरून बरोबर समोर गेलो, ती एवढीशी दिसत होती, ओठ हललेले पण कळले नाहीत. आणि कानाशी अगदी स्पष्ट, जणू खांद्यावर बसून बोलतेय, "बाबा, भूक लागली."

तेवढ्यासाठी दहा मिनिटं मागतोय. माणसं बॅचने वर सोडा, आधी शांतता, मग पाहिजे तेवढा दंगा करू दे.

स्वतः बघायला येणार असाल तर सकाळीच या. फक्त ताफा खाली नगारखान्यापाशीच थांबवा, वायरलेसची खरखर वर फार घुमते.

आपला,
एक सोलापूरकर