तिखटाचा उपाय फसला, आजी

सिडनी,
रविवार, रात्री

ती. आजीस साष्टांग नमस्कार. आई-बाबांनाही नमस्कार.

बाबा, पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि स्वतःबद्दलचा मजकूर आला की गाळू नका. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कान शाबूत आहेत. मागच्या वेळी तुम्ही गाळलेलं तिनं बरोबर ओळखलं होतं.

आजी, तुझा तिखटाचा उपाय साफ फसला. आमचा कचऱ्याचा डबा उघडणाऱ्या त्या काकाकुव्याचं फोनवर सांगितलं होतं ना? पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आणि आवाज असा की एसटीनं करकचून ब्रेक लावावा. इथे आपल्यासारखं घंटागाडीमागे धावायचं नसतं. प्रत्येक घराला चाकांचा उंच डबा असतो, लाल झाकणाचा. आदल्या रात्री तो रस्त्याच्या कडेला ठेवायचा. सकाळी गाडी येते, तिचा लोखंडी हात डबा उचलून उलटा करतो आणि झाकण आपोआप उघडतं. म्हणून त्याला कुलूप लावायची सोय नाही. लावलं तर कचरा पडणार कसा? नेमकं हेच या पाखरांच्या पथ्यावर पडलंय.

मागच्या सोमवारी चहाचा कप घेऊन मी खिडकीत उभाच राहिलो. आला, डब्याच्या काठावर बसला, मान वाकडी करून झाकणाची पुढची कड चोचीनं उचलली. कड सोडली नाही. तशीच तोंडात धरून काठावरून एकेक पाऊल तिरकं टाकत मागे बिजागरीकडे सरकत गेला, जशी तू मोठ्या पातेल्यावरचं गरम झाकण एका बाजूनं उचलत नेतेस. मागे पोचल्यावर मानेचा एक हिसका. झाकण धाडकन मागे! मग आत डोकं घालून पावाचा तुकडा काढला आणि डाव्या पायात धरून सावकाश खाल्ला. ही जात जवळजवळ सगळी डावखुरी असते म्हणे. बाबांना लहानपणी डाव्या हातानं जेवतात म्हणून तू चिमटे काढायचीस, ते आठवलं. (बाबा, हे वाचा.)

यावर चक्क संशोधन झालंय. २०१८ च्या आधी सिडनीच्या तीनच उपनगरांत हे पक्षी डबे उघडताना दिसले होते, २०१९ संपेपर्यंत ४४ उपनगरांत. आधी शेजारच्या उपनगरांत, मग त्यांच्या पलीकडच्या, असं ते पसरत गेलं, म्हणजे एकमेकांचं बघून शिकले. उघडायची ढबही भागाभागाला थोडी वेगळी, जशी सटाण्याकडची बोली वेगळी नि सिन्नरकडची वेगळी. शास्त्रज्ञांनी पाचेकशे पक्ष्यांना रंगाचे ठिपके लावून पाहिलं, तर दहातल्या एखाद्यालाच झाकण उघडता येत होतं, आणि त्यातही बहुतेक नर. बाकीचे आयत्या बिळावर नागोबा. २०२१ साली हे सगळं ‘सायन्स’ नावाच्या नियतकालिकात छापून आलं. आमच्या डब्यातल्या उष्ट्याला एवढा मान!

तर तुझ्या सांगण्यावरून मी झाकणाच्या कडेला लाल तिखट चोळलं, चांगलं दोन चमचे. काकाकुवा आला, कड चोचीत धरली, जीभ फिरवली, जरा थांबला. मला वाटलं, आता पळतोय. तर त्यानं पुन्हा जीभ फिरवली, जणू मिसळीची तर्री चाखतोय, आणि झाकण उघडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या शेजारच्या वाड्यातला मिठू काय खायचा? हिरवी मिरची! पक्ष्यांना मिरचीचा झणका लागतच नाही, तो आपल्यालाच झोंबतो. आणि त्या मिठूला कठड्यावरून रोज मिरची द्यायचं कोण? तूच ना! मग हा उपाय सांगताना तुला आठवलं कसं नाही? मला तरी कुठे आठवलं म्हणा. डबा आत घेताना तोच हात डोळ्याला लागला आणि अर्धा तास मी नळाखाली. मुग्धा हसत होती. टॉवेल मात्र तिनंच आणून दिला.

दुसरी गंमत पितृपक्षातली. अण्णांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना, ते आठवतं? बाबांची सगळी वचनं देऊन संपली, भटजी उन्हानं कावले, आणि शेवटी काका म्हणाले, “अण्णा, तुमचा रेडिओ कुणाला देणार नाही,” तर लगेच शिवला. तिथे आपण हात जोडून बोलवायचं. इथे सर्वपित्रीला मी निवांत सायकलवरून चाललो होतो, तर पाठीमागून पंखांची फडफड आणि टाळक्यात टणकन चोच! मॅगपाय म्हणतात त्याला. काळापांढरा, गळा इतका गोड की पहाटे कुणी बासरी घेऊन बसलंय वाटावं. पण इथे सप्टेंबरात वसंत असतो, घरट्यात पिल्लं असतात, आणि काही नर कुणालाही जवळ फिरकू देत नाहीत. सगळे नाहीत, थोडेच. त्यातला एक माझ्या वाट्याला आला.

यांना माणसांचे चेहरे लक्षात राहतात, आणि जोडी वर्षानुवर्षं त्याच जागेत राहते. म्हणजे माझं खातं तिथे कायमचं उघडलंय. मुग्धा रोज त्याच झाडाखालून जाते, तिच्याकडे ढुंकून बघत नाही! लोक हेल्मेटला प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या बांधतात. मीही बांधल्यात. साळिंदर दिसतो. ईरा शाळेत सोडायला मला नको म्हणते.

बाबा, तुमच्यासाठी एक. नांदूरमधमेश्वरला दुर्बीण देऊन तुम्ही शराटी दाखवायचात, आणि “आवाज करू नका, उडेल” म्हणून दटावायचात, तोच पक्षी थोड्या फरकानं इथे बागेत माझ्या हातातलं सँडविच घेऊन गेला. उडाला वगैरे नाही, चालत गेला. आतल्या भागातली पाणथळं आटली तशी ही मंडळी शहरात आली आणि कचऱ्यावर जगायला शिकली. लोक त्यांना कचऱ्यातल्या कोंबड्या म्हणतात. मला ते जरा लागलं. त्यांचं तळं गेलं, त्यांनी काय करायचं?

आणि आजी, सँडविच गेलं तेव्हा मला सप्तशृंगी गडावरचं तुझं माकड आठवलं. चष्मा घेऊन कठड्यावर बसलेलं आणि केळं मिळेपर्यंत न सोडणारं. तू त्याला “अरे मेल्या, तुला नंबर लागेल का हा?” म्हणाली होतीस.

आता डब्याचं. शेजारी एक आजीबाई आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी आधी झाकणावर वीट ठेवली, तर काकाकुव्यानं ती डोक्यानं ढकलून पाडली. मग पाण्यानं भरलेल्या बाटल्या बांधल्या. आता बिजागरीत जुना बूट खोचतात, म्हणजे झाकण पुरतं मागे पडत नाही, पण गाडीनं उलटं केलं की कचरा पडतो. जुना बूट माझ्याकडे नाही, म्हणून कोल्हापुरी चप्पल खोचून आलोय. उद्या कळेल.

आईच्या गुडघ्याचं फोनवर बोलूच. द्राक्षं यायच्या आत यायचं बघतो.

तुझा नातू

ता. क. सोमवार सकाळ. डबा शाबूत आहे. चप्पल नाही. काकाकुवा समोरच्या पत्र्यावर बसून तिचा अंगठा सोलतोय, डाव्या पायात धरून.