सूचना : शनिवारच्या ताम्हिणी फेरीत लांडगा कोळी बघताना

सभासदहो, नमस्कार.

मागच्या फेरीत बऱ्याच जणांनी लांडगा कोळी (वुल्फ स्पायडर) म्हणून भलत्याच कोळ्यांचे फोटो टाकले. फोटोत डोळे दिसत नसतील तर ओळख पटवणं कठीण जातं. त्यामुळे पाठीचा एक फोटो झाला की समोरून, कोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आणून दुसरा घ्याच. खालच्या ओळीत चार बारीक डोळे, मधल्या ओळीत दोन टपोरे, वर मागे आणखी दोन : हा लांडगा कोळी. मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते. पिशवी जबड्यात धरलेली दिसली तर तो कोळी वेगळ्या कुळातला. पिल्लं पाठीवर असतील तर लांबूनच फोटो घ्या; धक्का लागला की पिल्लं विखुरतात.

गवतात दवाने चमकणारं नरसाळ्यासारखं जाळं दिसलं तर थांबा. बहुतेक लांडगा कोळी जाळं विणत नाहीत, पण हिप्पासा नावाचा कोळी विणतो, आणि तोही याच कुळातला.

अभयारण्यातून अंधार पडण्याआधी बाहेर पडायचं आहे. रात्री मुक्कामाच्या घरामागच्या पडीक रानात बघू. बॅटरी कपाळाशी धरा, पाचोळ्यात हिरवट ठिणगीसारखे डोळे चमकतात. मला अजूनही ते बघून थांबायला होतं.

कोळी डबीत भरायचे नाहीत, काडीने डिवचायचे नाहीत. उलटवलेला दगड होता तसा ठेवा. बूट घालूनच या, पाचोळ्यात फुरसं असतं.